शिकवायला शिकवण्याआधी: कार्यशाळेच्या तयारीची यादी

पीएचडी करणाऱ्या किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अध्यापन कौशल्यांची कार्यशाळा घ्यायची ठरली की पहिला मोह होतो तो लॅपटॉप उघडून स्लाइड करायला बसण्याचा. तो आवरा. येणारा प्रत्येक जण त्या दिवशी उभा राहून स्वतः काहीतरी शिकवणार आहे. तुमची बहुतेक तयारी त्याला ती दहा मिनिटं धड मिळावीत एवढ्यासाठीच असते. तेव्हा आधी कागद-पेन घ्या आणि वेळेचं गणित मांडा.

पाठ १० मिनिटांचा. त्याआधी फळा पुसणं, पेनड्राइव्ह लावणं, पाण्याचा घोट घेणं यात तीनेक मिनिटं जातातच. पाठ झाला की बाकीच्यांनी अभिप्राय लिहायचा, त्याला ५ मिनिटं. मग तोंडी चर्चा, १२ मिनिटं. म्हणजे माणशी अर्धा तास. वीस जणांना एकाच सभागृहात बसवलं तर सगळ्यांचे पाठ व्हायला १० तास लागतील, आणि सातव्या-आठव्या पाठानंतर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत काही उरणार नाही. पाच-पाचचे चार गट केले तर तेच काम अडीच तासांत होतं, सुट्टी धरून तीन. मात्र मग चार खोल्या लागतात, चार घड्याळं लागतात आणि गट सांभाळणारी चार माणसं लागतात. ही माणसं मिळत नसतील तर प्रवेश कमी करा, पाठाची मिनिटं कमी करू नका. आदल्या दिवशी ‘अजून एकाला घ्या ना’ असा फोन येतोच. पाचाचे सहा चालतात, सात चालत नाहीत.

दोन दिवस मिळत असतील तर प्रत्येकाला दोन पाठ द्या. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन सुरू केलं, तेव्हा छोटा पाठ, त्यावर चर्चा आणि मग तोच पाठ पुन्हा, असा फेरा होता. आपल्याकडे वेळ कमी पडला की सगळ्यात आधी कात्री लागते ती त्या ‘पुन्हा’ला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉपमध्येही गट लहान असतो, पाठ दहा मिनिटांचा असतो आणि एकेकाला सहसा तीनदा उभं राहावं लागतं. पहिल्या पाठाला माणूस घाबरलेला असतो. सुधारणा दिसते ती दुसऱ्याला.

गट पाडताना एकाच प्रयोगशाळेतले दोघे एकत्र येऊ देऊ नका. भौतिकशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशी सरमिसळ करा. पाठ ऐकणारे त्या विषयात खरोखर नवखे असले तरच शिकवणाऱ्याला आपण कुठे घसरलो ते कळतं. आणखी एक पथ्य आहे, ते पाळायला थोडं धाडस लागतं. कुणाचेही मार्गदर्शक किंवा विभागप्रमुख ‘जरा मागे बसून बघतो’ म्हणाले तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा. ज्याच्या सहीवर प्रबंध अडकलाय त्याच्यासमोर कुणी मोकळेपणाने चुकत नाही.

दोन आठवडे आधी सहभागींना पत्र जायला हवं, आणि ते एका पानाचं हवं. विषय स्वतःच्या क्षेत्रातला निवडा, पण इतका छोटा की दहा मिनिटांत संपेल. ‘प्रकाशसंश्लेषण’ नको, ‘पान हिरवं का दिसतं’ चालेल. पाठ संपल्यावर ऐकणाऱ्याला काय करता येईल, ते एका वाक्यात लिहून पाठवा. त्या वाक्यात ‘समजेल’ आणि ‘माहिती होईल’ ही क्रियापदं चालणार नाहीत. ‘ओळखेल’, ‘मोजेल’, ‘दोन्हींतला फरक सांगेल’ अशी हवीत, म्हणजे शेवटी तपासता येतात. पाठाचा साचा हवा असेल तर सहा पायऱ्या द्या: ओढ लावणारी सुरुवात, उद्दिष्ट, ऐकणाऱ्याला आधी किती येतं याचा अंदाज, त्याला काहीतरी करायला लावणं, आलं का ते तपासणं आणि समारोप. हा साचा त्या कॅनडातल्या कार्यशाळेतूनच पसरलेला आहे. तो कुबडी म्हणून उत्तम आहे, पण सहाही पायऱ्या कोंबायच्या नादात पाठ धापा टाकायला लागला तर दोन सोडून द्यायला सांगा. आलेली उद्दिष्टं वाचून उत्तरं लिहायला एक आख्खी संध्याकाळ राखून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मे पाठ इथेच सुधारतात.

सुरुवातीच्या अर्ध्या तासासाठी एक खेळ तयार ठेवा, त्याला सामान काहीच लागत नाही. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी हाच प्रयोग केला. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल घुमत असते, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. पाच वर्षं एकाच विषयात बुडालेल्या संशोधकाचं वर्गात नेमकं हेच होतं. हे व्याख्यान देऊन पटवायला अर्धा तास लागतो, खेळून पाच मिनिटं. (न्यूटनही तेव्हा पीएचडीच करत होत्या, हे सांगितलं की खोलीत जरा हशा पिकतो.)

‘आमच्या विषयात अॅक्टिव्हिटी वगैरे चालत नाही, व्याख्यानच द्यावं लागतं’ असं म्हणणारा एक तरी असतो, बहुधा गणिताचा किंवा अभियांत्रिकीचा. त्याच्याशी वाद घालू नका, आकडे जवळ ठेवा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं आणि विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. दुसरी बाजूही सांगा. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत केलेल्या अभ्यासात कामाला लावलेले विद्यार्थी शिकले जास्त, पण त्यांना स्वतःला वाटलं की आपण कमी शिकलो. उद्या वर्गाने तोंड वाकडं केलं तर या मंडळींनी लगेच माघार घेऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवायचं.

तुमच्या स्वतःच्या टिपणात प्रत्येक प्रश्नापुढे समासात लिहा: ‘तीन मोज’. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलतात. मला हे इतक्या वर्षांत सवयीचं झालेलं नाही. न लिहिता गेलो की मीच उत्तर देऊन मोकळा होतो.

खोलीचं फार लांबवत नाही. खुर्च्या हलवता येणाऱ्या हव्यात. मार्कर लिहून पाहा, वाळलेले तिथेच फेकून द्या, डबीत परत ठेवू नका. घड्याळ शिकवणाऱ्याला दिसेल असं लावा. एक्स्टेंशन बोर्ड घ्या, आणि रेकॉर्डिंगसाठी फोन, स्टँड व लेखी संमतीचा कागद.

अभिप्रायाची तयारी मात्र सविस्तर करायला हवी, कारण कार्यशाळा बिघडते ती इथेच. फॉर्मवर तीनच ओळी ठेवा: मी शिकताना काय केलं, माझा धागा कुठे सुटला, कोणत्या क्षणी गोष्ट उलगडली. ‘छान होतं’ला जागाच ठेवू नका. १ ते ५ गुणांचे चौकोन नकोत. चौकोन दिसले की लोक परीक्षक होतात आणि शिकणारा नाहीसा होतो. गट सांभाळणाऱ्यांना आदल्या दिवशी तासभर बोलवा आणि तुम्ही स्वतः मुद्दाम फसलेला एक पाठ घेऊन त्यांच्याकडून चर्चा चालवून घ्या. पहिला प्रश्न शिकवणाऱ्यालाच विचारायचा, ‘तुला काय घडताना दिसलं?’ मग गट. सांभाळणारा सगळ्यात शेवटी, तोही एखादंच वाक्य. अनुभवी प्राध्यापकांना ही शिस्त जड जाते. त्यांना सुधारणा सुचवण्याची इतकी सवय असते की पाठ सुरू असतानाच त्यांच्या वहीत अकरा मुद्दे होतात.

वेळ संपल्यावर थांबवायची खूण आधीच सांगा आणि ती खरोखर वापरा. एकदा एक पाठ रंगला म्हणून मी सतरा मिनिटं चालू दिला. सुट्टी छाटली, चर्चा आखडल्या, तरी शेवटच्या मुलीला चारच मिनिटं मिळाली. ती तीन दिवस तयारी करून आली होती. तेव्हापासून घड्याळ गटातल्याच एकाच्या हातात देतो, माझ्या नाही.

कुणी मधेच गप्प होईल, एखाद्याचे डोळेही भरून येतील. त्याच्यासाठी काय म्हणायचं ते आधी ठरवा. मी ‘दोन मिनिटं थांबू, मग वाटलं तर इथूनच पुढे’ एवढंच म्हणतो. बहुतेक जण पुढे जातात. नाही गेला तर त्याची पाळी शेवटी ठेवा आणि त्याबद्दल काही बोलू नका.

निघताना प्रत्येकाच्या हातात त्याचे अभिप्राय पाकिटात घालून द्या, तुमच्याकडे प्रत ठेवू नका. स्वतःसाठी एकच चिठ्ठी मागा: आज काय अडलं? रेकॉर्डिंग ज्याचं त्याला त्याच संध्याकाळी पाठवा, मिळाल्याचं उत्तर आलं की फोनमधून पुसा, आणि पुसल्याचं त्याला कळवा.