राजाचं किती, राज्याचं किती: ब्रिटिश राजघराण्याच्या संपत्तीचा आकडा कसा तपासावा

‘ब्रिटनच्या राजाकडे इतके हजार कोटी’ अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी येते आणि आकडा दर वेळी वेगळा असतो. गार्डियनने २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सची संपत्ती १.८ अब्ज पौंड काढली. पुढच्याच वर्षी संडे टाइम्सच्या श्रीमंतांच्या यादीत ती ६१ कोटी पौंड होती. मधल्या काळात राजाने काही उधळलं नव्हतं. कोणती मालमत्ता राजाची धरायची यावर एकमत नाही, एवढंच. म्हणून बेरजेला हात घालण्याआधी खाती वेगळी करा.

होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ (राज्याची) आणि ‘खासगी’ (राजघराण्याची) असे दोन हिशेब असत. ब्रिटिश मामलाही तसाच लावता येतो. फक्त तिथे मधे एक तिसरं खातं आहे, धड दौलत नाही आणि धड खासगीही नाही. बहुतेक बातम्या तिथेच घसरतात.

आधी दौलत, म्हणजे क्राउन इस्टेट. लंडनची रीजंट स्ट्रीट, अ‍ॅस्कॉटचं शर्यतीचं मैदान, इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यालगतचा बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ हे सगळं यात येतं. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने याचं उत्पन्न सरकारला देऊन बदल्यात ठरावीक तनखा घेतला. आज राजाला यातली वीतभर जमीनही विकता येत नाही आणि नफा सरकारी तिजोरीत जातो. ही मालमत्ता राजाच्या श्रीमंतीत मोजली असेल, तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

सरकार राजाला जे वार्षिक अनुदान देतं, ते सॉव्हरिन ग्रँट. २०११ च्या कायद्याने ते क्राउन इस्टेटच्या नफ्याच्या टक्केवारीवर बांधलं. हिशेब करताना दोन वर्षं मागचा नफा घ्यायचा. २०२४-२५ साठी २०२२-२३ चा नफा धरला: ४४.२६ कोटी पौंड. त्याचे १२ टक्के म्हणजे ५.३१ कोटी. प्रत्यक्षात मिळाले ८.६३ कोटी. तुमचं गणित चुकलेलं नाही. अनुदान आधीच्या वर्षापेक्षा खाली येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. नफा घसरला तरी रक्कम तिथेच, वाढला की मात्र रक्कमही वर. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या करारांमुळे २०२३-२४ चा नफा १.१ अब्जांवर गेला आणि २०२५-२६ चं अनुदान १३.२१ कोटी झालं. एका वर्षात ५३ टक्के वाढ. टक्का २५ वरून १२ वर आला तेव्हाचा ‘राजाचा वाटा घटवला’ हा मथळा टक्क्यापुरता खरा होता, पैशांत नव्हे. जुना लेख वाचत असाल तर टक्काही तपासा: सुरुवातीला १५, बकिंगहॅम राजवाड्याच्या ३६.९ कोटी पौंडांच्या दुरुस्तीसाठी २०१७-१८ पासून २५ आणि २०२४-२५ पासून १२. राजघराण्याच्या सुरक्षेचा खर्च यात धरलेला नाही आणि सरकार तो जाहीर करत नाही. त्यामुळे ‘राजघराणं दर माणशी इतक्या पेन्सला पडतं’ हा हिशेब कायम अपुरा असतो.

आता मधलं खातं: दोन डची, म्हणजे दोन पिढीजात जहागिऱ्या. लँकेस्टरची राजाकडे, सुमारे १८,००० हेक्टर. कॉर्नवॉलची १३३७ पासूनची, सुमारे ५२,००० हेक्टर, गादीचा वारस असलेल्या थोरल्या मुलाकडे. सप्टेंबर २०२२ पासून विल्यमकडे. लंडनच्या ओव्हल मैदानाची जमीनही याच जहागिरीची. फळं तुमची, पण झाड तोडायचं नाही, अशा अटीवर मिळालेल्या बागेसारखा हा प्रकार. म्हणून वार्षिक अहवालात एकूण मालमत्तेची ओळ सोडा आणि निव्वळ शिलकीची ओळ शोधा. २०२३-२४ मध्ये ती लँकेस्टरची २.७४ कोटी पौंड होती, कॉर्नवॉलची २.३६ कोटी. नेहमीची चूक म्हणजे जमिनीची किंमत आणि तिचं उत्पन्न दोन्ही मिळवणं, आणि वर दोन्ही जहागिऱ्या एकाच माणसाच्या नावावर टाकणं. या जहागिऱ्यांना कंपनी कर नाही, भांडवली नफ्यावर कर नाही. राजा आणि युवराज आयकर भरतात, पण १९९३ पासून आणि स्वेच्छेने. विल्यमने किती भरला, हे जाहीर होत नाही. शिवाय लँकेशायरच्या जुन्या हद्दीत कोणी मृत्युपत्र आणि वारस मागे न ठेवता गेलं, तर ती बेवारस मालमत्ता लँकेस्टरच्या जहागिरीकडे जाते. खर्च वजा जाता ती धर्मादायाला देतात. ‘खर्च वजा जाता’ हे तीन शब्द डोळ्यांआड करू नका.

खरं खासगी कोणतं? गादी सोडली तरी जे सोबत राहतं, ते. आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये गादी सोडली, पण बाल्मोरल आणि सँड्रिंगहॅम त्याचेच राहिले. नव्या राजाला ते भावाकडून विकत घ्यावे लागले. सामान्य माणसाला सव्वातीन लाख पौंडांच्या वरच्या वारशावर साधारण ४० टक्के कर बसतो. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या वारशावर तो नाही. मृत्युपत्रंही बंद लखोट्यात राहतात. प्रिन्स फिलिपचं न्यायालयाने २०२१ मध्ये ९० वर्षांसाठी बंद केलं. या खात्यातला प्रत्येक आकडा ‘अंदाजे’ लिहूनच घ्या.

टॉवर ऑफ लंडनमधली राजरत्नं आणि रॉयल कलेक्शन या राजघराण्याच्या कलासंग्रहातल्या दहा लाखांहून अधिक वस्तू राजाच्या खात्यात शून्य धरा. त्या विश्वस्त म्हणून सांभाळायच्या आहेत, विकायच्या नाहीत. १०५.६ कॅरटचा कोहिनूरही त्यातच. त्र्यंबकेश्वरचा नाशिक हिरा मात्र तिथे शोधू नका. तो १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला आणि १८३७ च्या लिलावात मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने घेतला.

शेवटी रुपयांत उतरवताना मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे आधी कागदावर लिहून ठेवा. ८६.३ मिलियनचे ८६ लाख किंवा ८६ कोटी झालेले मराठी बातम्यांत सहज दिसतात, खरे ८.६३ कोटी. सॉव्हरिन ग्रँटचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं, तेव्हा विनिमय दरही त्या तारखेचाच लावा.