शेवटचं वर्ष राहिलंय आणि नोकरी चालू आहे: फॉर्म भरण्याआधीची तयारी

पदवीचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून चाकण-भोसरीला कामाला लागलेली मुलं-मुली काही वर्षांनी पुन्हा चौकशीला येतात, तेव्हा पहिला प्रश्न फीचा असतो. फीचं नंतर. नोकरी आणि अभ्यास एकदम चालू असताना आजारपण आलं तर विमाच आधार देतो, म्हणून आधी पगाराची स्लिप काढा आणि ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची) कपात होते का ते बघा.

होत असेल (तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५), तर ई-पहचान कार्ड डाउनलोड करा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, दवाखाना घराजवळचा लागलाय का, आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावं चढलीत का, हे तपासा. नावं चढवणं एचआरवर सोडलं की हमखास राहतं, आणि ते कळतं चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात खिडकीपाशी उभं राहिल्यावर.

ठेकेदार बदलला तर जुना दहा आकडी विमा क्रमांक नव्याला स्वतःहून द्या. त्यानं नवीन काढला तर तुमचे भरलेले दिवस दोन ठिकाणी विभागले जातात. या दिवसांना किंमत आहे. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते खरी, पण त्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा लागते. अभ्यासासाठी महिना-दोन महिने बिनपगारी रजा टाकायचा विचार असेल, तर आधी हा हिशेब करा. वर्गातलं कुणी हे सांगत नाही.

पगार २१,०००च्या वर गेला तर ईएसआयसी लगेच तुटत नाही; ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते. पुढे काय, ते पगारवाढीचं पत्र हातात घेतानाच विचारा: कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे का, कोणत्या तारखेपासून, आई-वडील त्यात येतात का.

पूर्ण वेळ अभ्यास करायला नोकरी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी सोडायचीच असेल तर स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधी घ्या. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस दावा चालत नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं; थायरॉइड असो की दमा, प्रस्तावात लपवू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. वडिलांच्या पॉलिसीत तुमचं नाव असेल तर वयाची अट वाचा. बहुतेक ठिकाणी ती पंचविशीला संपते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, म्हणून रेशनकार्डावर नाव असू द्या. पण ती यादीतल्या रुग्णालयांत भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, साध्या तापाच्या गोळ्यांसाठी नाही.

आता कॉलेज. एटीकेटीचे एक-दोनच विषय राहिले असतील तर आधी जुन्याच कॉलेजच्या ऑफिसात जा आणि मुदत संपली का ते विचारा; मुदत उरली असेल तर तोच सगळ्यांत स्वस्त मार्ग. संपली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. इग्नूच्या बीएला किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. तिथं स्वाध्यायांना साधारण ३० टक्के वजन असतं, आणि नोकरीवाले नेमके तिथेच अडकतात. साप्ताहिक सुटीच्या दिवशी एकेक लिहून संपवा. परीक्षेच्या तोंडावर सगळे एकदम होत नाहीत.

कागदांमध्ये सगळ्या गुणपत्रिका, टीसी किंवा मायग्रेशन, मागितलं तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. लग्न झालेल्या मुलींनी एक जास्तीचं काम धरावं: गुणपत्रिकेवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असेल तर एबीसी खातं (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं) काढताना अडतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र आधीच काढून ठेवा.

रजेचं गणित आजच मांडा. पीएल (हक्काची पगारी रजा) गणपतीत आणि गावच्या जत्रेत उडवू नका, पेपरसाठी राखा. वेळापत्रक आलं की त्याची प्रत सुपरवायझरला द्या आणि पेपरच्या आदल्या रात्रीची तिसरी पाळी बदलून मागा. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून.