पोल ट्रिप झाला म्हणजे थायरिस्टर गेला असं नाही: एचव्हीडीसीमध्ये या चुका टाळा

चंद्रपूर–पडघे ही ±500 केव्हीची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) लाइन 752 किलोमीटर लांब आहे आणि तिची क्षमता 1500 मेगावॉट. विदर्भातली वीज ती मुंबईच्या दारापर्यंत आणते. अशा लाइनला अधिक आणि उणे असे दोन पोल असतात, आणि दोन्ही टोकांना एसीचं डीसी किंवा डीसीचं एसी करणारे थायरिस्टरचे (सेमीकंडक्टर स्विचचे) कन्व्हर्टर. तिथे नवा रुजू झालेला इंजिनिअर काहीही बिघडलं की थेट व्हॉल्व्ह हॉलकडे, म्हणजे थायरिस्टरचे संच (व्हॉल्व्ह) असलेल्या इमारतीकडे, बोट दाखवतो. कारण मात्र बऱ्याचदा बाहेर, एसी यार्डात सापडतं.

सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो कम्युटेशन फेल्युअरवरून, म्हणजे करंट एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे नीट न सरकण्यावरून. थायरिस्टर गेट पल्सने चालू होतो, पण पल्स काढून घेतली म्हणून बंद होत नाही. करंट शून्यावर यावा लागतो आणि त्यानंतर व्होल्टेज अडवण्याची ताकद परत यायला थोडा वेळ मिळावा लागतो. इन्व्हर्टरच्या (डीसीचं एसी करणाऱ्या) टोकाला गामा, म्हणजे या वेळेसाठी राखलेला कोन, 18 अंश ठेवला, तर 50 हर्ट्झला हा वेळ भरतो फक्त 1 मिलिसेकंद. आता जून महिन्यात जवळच्या 400 केव्ही लाइनवर वीज पडली आणि बसचं (सबस्टेशनच्या मुख्य वाहकाचं) व्होल्टेज खाली गेलं, असं समजा. एका व्हॉल्व्हचा करंट दुसऱ्याकडे सरकायला जास्त वेळ लागतो आणि तो वेळ याच 1 मिलिसेकंदातून जातो. उरलेला वेळ पुरला नाही की बंद व्हायला हवा होता तो व्हॉल्व्ह परत चालू होतो, ब्रिजमध्ये डीसी बाजू शॉर्ट होते आणि अलार्मचा नुसता पाऊस पडतो.

यात जळलेलं काहीच नसतं. एसी फॉल्ट वेळेत सुटला की लाइन स्वतःच सावरते. म्हणून आधी फॉल्ट रेकॉर्डर उघडा. एसी व्होल्टेज आधी पडलंय का? दोन्ही पोल एकाच क्षणी गडबडलेत का? तसं असेल तर शोध एसी बाजूला घ्या. एसी स्वच्छ असताना तोच तो व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा चुकत असेल, तेव्हाच फायरिंग सर्किट आणि फायबर तपासायला घ्या. आणि ‘गामा वाढवला की कटकट मिटली’ हा जुगाड करू नका. त्याने फेल्युअर कमी होतील, पण डीसी व्होल्टेज उतरेल आणि कन्व्हर्टर जास्त रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता ये-जा करणारी, मेगाव्हारमध्ये मोजतात ती) खाईल. मुळात तो पूर्ण लोडला मेगावॉटच्या निम्म्याहून जास्त मेगाव्हार ओढतोच.

ही भूक बरीचशी एसी फिल्टर बँका (कॅपॅसिटर असलेले फिल्टरचे संच) भागवतात, तिथली चूक वेगळी. लोड उतरला, बस व्होल्टेज चढलं, म्हणून कुणीतरी फिल्टर सरसकट काढतो. पण हीच बँक बारा पल्स कन्व्हर्टरचे अकरावे आणि तेरावे हार्मोनिक (50 हर्ट्झच्या तितक्या पटीचे नको असलेले करंट) गिळत असते. किमान किती फिल्टर आत हवेत हे ठरलेलं असतं, त्याखाली जाऊ नका. फुटलेला कॅन (कॅपॅसिटरचा डबा) बदलतानाही नुसती केव्हार रेटिंग जुळवून भागत नाही. मायक्रोफॅरड मोजा. फरक राहिला तर अनबॅलन्स प्रोटेक्शन बँक पुन्हा पाडतं, ट्यूनिंग सरकतं ते निराळंच. बँक बंद केल्यावर कॅपॅसिटर डिस्चार्ज व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढं थांबून अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नाही, शिफ्ट संपत आली असली तरी.

व्हॉल्व्हच्या कूलिंगमध्ये लोक पाण्याचं तापमान बघतात, कंडक्टिव्हिटी बघत नाहीत. ती हळूहळू चढत असेल तर पाणी शुद्ध ठेवणारं रेझिन संपत आलंय.

राहिला एक समज, की नव्या पद्धतीत हे सगळे प्रश्न सुटले. मुंबईसाठीची 1000 मेगावॉटची कुडूस–आरे योजना आयजीबीटी या ट्रान्झिस्टरवर चालणारी आहे. आयजीबीटी गेटनेच बंद करता येतो, म्हणून कम्युटेशन फेल्युअर तिथे नाही हे खरं. पण आयजीबीटी जादा करंट फार थोडा सोसतो. एसी फॉल्टच्या वेळी कंट्रोल त्याचा करंट दाबून धरतो, त्यामुळे जनरेटरसारखा भरघोस फॉल्ट करंट त्याच्याकडून मिळत नाही. भोवतालच्या डिस्टन्स रिलेची (फॉल्ट किती दूर आहे ते ओळखणाऱ्या रिलेची) सेटिंग जुन्याच हिशोबाने ठेवली, तर त्या चुकीचं अंतर दाखवू शकतात.