पीटीच्या तासाला या चुका टाळा

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि 2023 चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, दोन्हींनी शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या पंगतीत बसवलं. मैदानावर मात्र जुनीच वहिवाट चालू आहे. तास नीट झाला की नाही, हे एकाच प्रश्नावरून कळतं: प्रत्येक मूल किती वेळ खेळलं?

पन्नास मुलं, एक रांग, एक बॉल

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 35 मिनिटांच्या तासात हजेरी आणि जिन्यावरची ये-जा वजा करा, 25 मिनिटं उरतात. 50 मुलांत वाटली तर प्रत्येकी 30 सेकंद! उरलेला वेळ मुलं ढकलाढकली करतात आणि बोलणी बसतात ती त्यांनाच. त्यापेक्षा पाच-पाचांचे दहा गट करा. दहा बॉल कुठल्याच शाळेत नसतात, ते ठाऊक आहे. जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून चेंडू होतात. दोन गट झेलाझेलीला, दोन दोरीउड्यांना, दोन लंगडीला, असे चुन्याने चौकोन आखून वाटा. पाच मिनिटांनी शिट्टी वाजली की गट पुढच्या चौकोनात.

बाद झालेल्याला बसवून ठेवणं

जे मूल कच्चं, तेच आधी बाद होतं, म्हणजे ज्याला सरावाची गरज त्यालाच सुट्टी. बाद झालेल्याला लगेच पाठलाग करणाऱ्यांत घ्या. स्पर्धेचे नियम संघाच्या सरावाला ठेवा.

आधी कौशल्य घोटायचं, खेळ नंतर

कबड्डीत नुसता हाताचा-पायाचा स्पर्श घोटता घोटता सत्र संपतं. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी 1982 मध्ये हा क्रम उलटा मांडला: आधी छोटा खेळ, मग जिथे अडेल तिथलं कौशल्य. लहान मैदानावर तिघा-तिघांचा डाव लावा. चार चढाया झाल्या की थांबवून विचारा, ‘पकड कुठे झाली? दुसरीकडून गेला असतास तर?’ पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. उत्तर आपणच देऊन टाकायची घाई नको.

भालाफेक, गोळाफेकीत मात्र चर्चा नकोच. तिथे हुकूमच चालतो: सांगितल्यावर फेकायचं, सांगितल्यावरच आणायला जायचं.

चाचणी म्हणजेच मूल्यमापन

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया उपक्रमातल्या तंदुरुस्ती चाचण्यांत मोठ्या मुलांना 50 मीटर धाव आणि 600 मीटर धावणं-चालणं असतं. त्यावरून वर्गात नंबर लावू नका. जूनमधल्या आकड्याशी त्याच मुलाचा जानेवारीतला आकडा ताडून बघा. आणि वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं तर अजिबात नाही. पुढच्या वेळी ते मूल पोटदुखीची चिठ्ठी घेऊन येतं.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या

धावण्याचा तिटकारा बसवायचा असेल तरच.

तास गणिताला उसना देणं

दहावीला हे हमखास होतं. भांडून फारसं हाती लागत नाही. घटक नियोजन, म्हणजे कोणत्या तासाला काय घेणार याचा आराखडा, मुख्याध्यापकांकडे लेखी देऊन ठेवा आणि गेलेला तास त्याच आठवड्यात परत मागा.