अपाचे इग्नाइटचा क्लस्टर अडकल्यास निदान कसे करावे आणि मदत कशी मागावी

अपाचे इग्नाइट या वितरित डेटाबेसमध्ये माहिती अनेक नोडच्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या प्रक्रियांच्या, मेमरीत वाटून ठेवलेली असते; अशा नोडच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. त्यामुळे बिघाड शोधताना एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते: ज्या नोडच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) त्रुटी दिसते, तो नोड दोषी असेलच असे नाही. बहुतेक वेळा तो फक्त दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत असतो. म्हणून एकाच नोडचा लॉग वाचून निष्कर्ष काढू नये. पुढील पायऱ्या २ ने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांसाठी आहेत; तिसऱ्या पिढीची रचना मुळापासून नव्याने केलेली असल्यामुळे तिथे आज्ञा आणि मांडणी (कॉन्फिगरेशन) दोन्ही वेगळ्या आहेत.

सर्वप्रथम पुरावा जपावा, मग क्लस्टर पुन्हा सुरू करावा

क्लस्टर अडकला की सगळे नोड बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. माहिती केवळ मेमरीत ठेवलेली असेल, तर असे केल्याने ती जाते. ती डिस्कवरही साठवली जात असेल, तर माहिती वाचते, पण अडकण्याच्या कारणाचा पुरावा मात्र नाहीसा होतो. त्यामुळे आधी प्रत्येक सर्व्हर नोडचे थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे काम, कुठे आहे याची नोंद) घ्यावेत, आणि तेही काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन वेळा, कारण एकाच डंपमध्ये थांबलेला थ्रेड खरोखर अडकला आहे की त्या क्षणापुरता थांबला आहे हे कळत नाही. त्याबरोबर सर्व नोडचे इग्नाइटचे लॉग, गार्बेज कलेक्शनचे (जावाने नको असलेली मेमरी मोकळी करण्याचे) लॉग आणि मांडणीची फाइल बाजूला ठेवावी. सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणेही आवश्यक आहे, अन्यथा पाच लॉग शेजारी ठेवूनही आधी काय घडले हे ठरवता येणार नाही.

नोड एकमेकांना दिसतात का ते पाहावे

क्लस्टरमधील नोडची संख्या बदलली की लॉगमध्ये ‘टोपॉलॉजी स्नॅपशॉट’ अशी ओळ उमटते आणि तीत सर्व्हर (माहिती ठेवणारे नोड) व क्लायंट (ती वापरणारे) किती आहेत हे लिहिलेले असते. प्रत्येक नोड स्वतःला एकटाच सर्व्हर समजत असेल, तर त्यांनी एकमेकांना शोधलेलेच नाही असे समजावे. नोड शोधण्याची मूळ पद्धत मल्टिकास्टवर (एकच संदेश नेटवर्कवरील अनेकांना एकदम पाठवण्यावर) चालते आणि बहुतेक क्लाउड नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट उपलब्ध नसते; तिथे पत्त्यांची ठरावीक यादी द्यावी किंवा कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीसाठी असलेला खास शोधक वापरावा.

याहून फसवा प्रकार म्हणजे नोड एकमेकांना दिसतात, तरीही काम पुढे सरकत नाही. शोधासाठी मूळ मांडणीत ४७५०० पासूनची पोर्ट वापरली जातात, तर नोडमधील प्रत्यक्ष संवाद ४७१०० पासूनच्या पोर्टवर चालतो. फायरवॉलमध्ये पहिली पोर्ट उघडी आणि दुसरी बंद असतील, तर नोड क्लस्टरमध्ये दाखल होतो खरा, पण त्याला पाठवलेला संदेश पोहोचत नाही आणि सर्वांनाच त्याच्यासाठी खोळंबावे लागते. पूर्ण (क्लस्टरचा सदस्य होणाऱ्या) क्लायंट नोडच्या बाबतीत ही चूक हमखास होते, कारण सर्व्हरही आपणहून क्लायंटकडे जोडणी करू पाहतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. फक्त १०८०० या पोर्टवरून बोलणाऱ्या हलक्या क्लायंटला ही अडचण येत नाही. मोठे गणन क्लायंटवर चालवायचे नसेल, तर माझ्या मते हलका क्लायंटच निवडावा.

विराम आणि मेमरी तपासावी

लॉगमध्ये ‘पॉसिबल टू लाँग जेव्हीएम पॉझ’ अशी सूचना दिसल्यास त्या वेळी संपूर्ण जावा प्रक्रियाच थांबली होती असा तिचा अर्थ होतो. सर्व्हर नोडकडून प्रतिसाद आला नाही, तर मूळ मांडणीत सुमारे १० सेकंदांनंतर इतर नोड त्याला निकामी मानून क्लस्टरबाहेर काढतात. ही मुदत वाढवून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अनेकदा निव्वळ मलमपट्टी ठरतो, कारण विराम तसाच राहतो आणि खरोखर बंद पडलेला नोड ओळखायलाही उशीर होतो. आधी गार्बेज कलेक्शनचा लॉग पाहावा. त्यात त्या वेळेचा विराम सापडला नाही, तर यंत्र स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरील जागा) वापरत होते का, किंवा आभासी यंत्रच थांबवले गेले होते का, हे तपासावे.

इग्नाइट आपली माहिती जावाच्या हीपबाहेर, म्हणजे जावा स्वतः सांभाळते त्या मेमरीबाहेर, ठेवते, त्यामुळे हीप डंपमध्ये ती दिसत नाही. एका डेटा रीजनची (माहितीसाठी राखलेल्या मेमरीच्या भागाची) मूळ मर्यादा यंत्राच्या मेमरीच्या २० टक्के असते. हीप, सर्व डेटा रीजन, चेकपॉइंटचा (मेमरीतील बदल डिस्कवर उतरवण्यासाठीचा) बफर आणि ऑपरेटिंग सिस्टिमची गरज यांची बेरीज प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त झाली, तर लिनक्स ती प्रक्रिया कोणतीही पूर्वसूचना न देता संपवू शकते. अशा वेळी इग्नाइटच्या लॉगमध्ये काहीच त्रुटी नसते; खरे कारण कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये सापडते.

पार्टिशनची अदलाबदल अडकली आहे का ते शोधावे

नोड आला किंवा गेला की कोणते पार्टिशन (माहितीचा भाग) कोणाकडे राहील हे नव्याने ठरवावे लागते, आणि ते ठरण्यापूर्वी चालू व्यवहार (ट्रान्झॅक्शन) संपण्याची वाट पाहिली जाते. एखाद्या अनुप्रयोगाने व्यवहार उघडून तसाच सोडला असेल, तर त्या एका व्यवहारापायी सारा क्लस्टर थांबतो. अशा वेळी समन्वयक नोडचा, म्हणजे सर्वांत जुन्या सर्व्हरचा, लॉग आधी वाचावा. कोणत्या नोडची वाट पाहिली जात आहे हे तिथे कळते. नंतर इग्नाइटसोबत येणाऱ्या कंट्रोल स्क्रिप्टने दीर्घकाळ चालू असलेल्या व्यवहारांची यादी काढून अडवणारा व्यवहार रद्द करता येतो. अदलाबदलीच्या वेळी व्यवहारांना लागू होणारी वेगळी कालमर्यादाही मांडणीत देता येते. ती मूळ मांडणीत नसते आणि आवर्जून द्यावी.

माहिती गहाळ झाल्याची तक्रार असेल, तर प्रथम बॅकअपची (माहितीच्या जादा प्रतींची) संख्या पाहावी. विभागून ठेवलेल्या कॅशमध्ये ती मुळात शून्य असते, म्हणजे केवळ मेमरीवर चालणाऱ्या क्लस्टरमधून एक नोड गेला की त्याच्याकडची माहितीही जाते. मूळ धोरण हे नुकसान दुर्लक्षित करण्याचे असल्यामुळे माहितीसाठी केलेल्या प्रश्नाला (क्वेरीला) उत्तर मिळते, पण ते अपुरे असते आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. डिस्कवर साठवण असेल आणि नोड कंटेनरमध्ये चालत असतील, तर साठवणीची फोल्डर कायमस्वरूपी डिस्कवर आहे याची खात्री करावी. तसे नसल्यास परत आलेला नोड नवखा ठरतो आणि जुन्याची जागा बेसलाइनमध्ये (माहिती ठेवणाऱ्या नोडच्या ठरलेल्या यादीत) रिकामीच राहते.

मदत मागताना काय द्यावे

ग्रिडगेन कंपनीने २०१४ मध्ये आपला कोड अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवला आणि २०१५ मध्ये इग्नाइटला तिथे उच्चस्तरीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून समुदायात उत्तर देणारे बहुतेक जण सवडीने, स्वेच्छेने उत्तर देतात. ठरावीक वेळेत उत्तर हवेच असेल, तर सशुल्क सेवेचा पर्याय पाहावा. प्रश्नात इग्नाइट व जावाची नेमकी आवृत्ती, सर्व्हर व क्लायंटची संख्या, साठवण चालू आहे की नाही आणि बिघाडापूर्वी काय बदलले, एवढे तरी लिहावे. त्रुटीचे चित्र न जोडता मजकूर द्यावा, कारण चित्रातली ओळ शोधता येत नाही. लॉगचा हवा तोच तुकडा निवडून देण्याऐवजी पूर्ण लॉग द्यावेत, मात्र त्यांतील पासवर्ड, ग्राहकांची माहिती आणि अंतर्गत पत्ते काढून टाकावेत.

शक्य असल्यास एकाच यंत्रावर दोन-तीन नोड सुरू करून तोच दोष दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहावा. दोष पुन्हा घडवता आला, तर त्याची जिरावर (दोष नोंदवण्याच्या प्रणालीवर) नोंद करावी, परंतु त्याआधी तीच नोंद अस्तित्वात आहे का आणि पुढच्या आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला आहे का हे पाहावे. सुरक्षेतील त्रुटी मात्र अशी उघडपणे नोंदवू नये. ती फाउंडेशनच्या सुरक्षा पथकाला खासगीरीत्या कळवावी आणि दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत तिचा तपशील कुठेही देऊ नये.