बालगृहासाठी गृहमाता: निवड कशी करावी आणि ती टिकावी म्हणून काय करावं

गृहमाता, म्हणजे बालगृहातल्या मुलांचा रात्रंदिवस सांभाळ करणारी बाई, टिकत नाही याचं कारण विचारलं की बहुतेक अधीक्षक पगाराकडे बोट दाखवतात. पगार तुटपुंजा आहे, यात वाद नाही. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेच्या निकषांत गृहमातेला महिना १४,५६४ रुपये आहेत, मदतनिसाला ७,९४४. पण तेवढ्याच पैशात एका संस्थेत बाई वर्षानुवर्षं राहते आणि दुसऱ्या संस्थेतून दोन महिन्यांत बॅग उचलते. फरक पडतो तो रात्रपाळीने, सुट्टीने आणि अडचणीच्या वेळी संस्था तिच्याशी कशी वागते याने. म्हणून जाहिरातीचा मसुदा बाजूला ठेवा आणि आधी पाळ्यांचा हिशेब करा.

आधी पाळ्या, मग जाहिरात

५० मुलांच्या बालगृहाला गृहमाता-गृहपित्याची २ पदं धरलेली असतात. आठवड्याचे तास १६८. दर आठवड्याला ४८ तासांप्रमाणे दोघींचे होतात ९६. उरलेले ७२ तास कोण सांभाळतं? त्याच दोघी, ‘तुम्ही इथं राहायलाच आहात ना’ या सबबीवर. गळती इथून सुरू होते.

चोवीस तास किमान एक जण जागेवर हवी, आणि सकाळी साडेपाच ते नऊ व संध्याकाळी पाच ते साडेनऊ या गर्दीच्या वेळी दोघी. म्हणजे आठवड्याला आणखी ५६ तास, एकूण २२४. भागिले ४८ केलं की पावणेपाचच्या आसपास येतं. रजा आणि आजारपण धरलं तर ५ जणी आणि अडीनडीला बोलावता येईल अशी एक बदली बाई लागते. मंजूर पदं दोनच असतील तर बाकीचा पगार देणगीतूनच उभा करावा लागतो. वाढदिवसाला श्रीखंड-पुरी देणारे दाते भरपूर असतात, पगार देणारा क्वचित भेटतो. कारण त्याच्याकडे कुणी तो मागितलेलाच नसतो. ‘एका गृहमातेचं वर्षाचं मानधन: १,७४,७६८ रुपये’ असा ठोस आकडा दात्यापुढे ठेवा.

जाहिरात

‘मुलांची आवड असणाऱ्या महिला हव्यात’ असं लिहू नका. आवड सगळ्यांनाच असते, निदान अर्ज करताना तरी. पगाराचा आकडा, तो कोणत्या तारखेला होतो, महिन्यात किती रात्रपाळ्या, साप्ताहिक सुट्टीचा वार, राहण्याची खोली स्वतंत्र आहे की सामाईक, हे सगळं लिहा. अर्ज कमी येतील; पण आलेली बाई पहिल्याच आठवड्यात ‘हे आधी सांगितलं नव्हतं’ म्हणून परत जाणार नाही. मुलींच्या बालगृहात अधीक्षकासह सगळा कर्मचारीवर्ग महिलांचाच लागतो, हेही विसरू नका.

गृहमातेसाठी बचत गट, निवृत्तीला आलेल्या अंगणवाडी सेविका आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या ओळखी उपयोगी पडतात. केस वर्कर (एकेका मुलाचं प्रकरण हाताळणारा कार्यकर्ता) आणि समुपदेशकासाठी पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईची निर्मला निकेतन यांसारख्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी घ्या. वर्षभर आठवड्यातून दोन दिवस काम पाहिलेला विद्यार्थी मुलाखतीतल्या अनोळखी उमेदवारापेक्षा केव्हाही बरा. निकालानंतर मुलं पांगतात, तेव्हा बोलणी मार्चमध्येच करा.

निवड

अर्जात आधीच्या नोकऱ्या महिन्यासकट लिहून घ्या आणि मधल्या प्रत्येक रिकाम्या काळाबद्दल विचारा. बाळंतपण, सासूचं आजारपण, गावी जाणं ही नेहमीची कारणं असतात, त्यात वावगं काही नाही. पण तीन वर्षांत तीन वसतिगृहं बदलली आणि एकाही ठिकाणचा फोन नंबर देता येत नसेल तर थांबा.

आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा. उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर नव्हे, संस्थेचा कार्यालयीन नंबर स्वतः शोधून. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलं तर ‘चांगल्या होत्या’ एवढंच ऐकू येतं. ‘मुलांच्या कामावर यांना पुन्हा घ्याल का?’ असं विचारा आणि उत्तराआधी समोरचा किती वेळ थांबतो याकडे लक्ष द्या.

मुलाखतीत प्रसंग द्या. नऊ वर्षांच्या मुलाने सलग तिसऱ्या रात्री अंथरूण ओलं केलंय आणि बाकीची मुलं हसताहेत, तर काय कराल? पळून गेलेली चौदा वर्षांची मुलगी पोलिसांबरोबर परत आली, दारात पहिलं वाक्य काय बोलाल? आणि सगळ्यांत महत्त्वाचा: मूल म्हणतं, ‘कुणाला सांगणार नसाल तर एक सांगू?’ ‘नाही सांगणार, बोल’ हे उत्तर मायेचं वाटतं, पण चुकीचं आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते. असं वचन पाळता येत नाही आणि मोडलं की मुलाचा विश्वास जातो. हे उमेदवाराला आधी ठाऊक नसलं तरी चालेल. समजावल्यावर तिला पटतंय का, ते बघा.

त्यानंतर एक संध्याकाळ संस्थेत घालवू द्या, पाच ते नऊ, मोबदला देऊन, आणि एका क्षणासाठीही मुलांबरोबर एकटीला न ठेवता. जेवणाच्या पंगतीत सगळं कळतं: ती मुलांच्या पातळीवर बसते की उभ्यानेच हुकूम सोडते, नको असलेली भाजी ताटात टाकणाऱ्या मुलाला काय म्हणते. बालसमितीतल्या, म्हणजे संस्थेतल्या मुलांच्याच समितीतल्या, दोन मुलांचं मत घ्या. शेवटचा निर्णय मात्र तुमचाच.

पोलिस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी पॉक्सो नियम २०२० नुसार कंत्राटी माणसासह प्रत्येक कर्मचाऱ्याची लागते, आणि ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. दाखला हातात येईपर्यंत थांबायला वेळ नसेल तर फक्त जोडीने काम द्या. रात्रपाळी आणि एकटीने मुलांना बाहेर नेणं बंद.

पहिले पंधरा दिवस

पहिले तीन दिवस नुसतं बघायचं. मग अनुभवी बाईबरोबर जोडीने, त्यात किमान चार रात्रपाळ्या. प्रत्येक मुलाची अख्खी फाइल तिच्यापुढे उलगडू नका. औषधं, ॲलर्जी, झोपेची भीती, भेटीला कोण येऊ शकतं, एवढं पुरे.

कायदा मराठीत, सही घेऊन समजावा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८२ नुसार संस्थेत मुलाला शिक्षा म्हणून मारलं तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय बडतर्फी आणि पुढे मुलांसोबत थेट काम करायला बंदी. क्रूरतेसाठी कलम ७५ खाली संस्थेतल्या माणसाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मात्र ‘मारायचं नाही’ एवढंच सांगून गप्प बसलात तर बाई हतबल होते. चावणाऱ्या मुलाला कसं आवरायचं, मदतीला कुणाला हाक मारायची, हे करून दाखवा.

टिकवायचं तर

अनुदान उशिरा येतं, हे गृहीत धरा. तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि पगाराची तारीख मोडू देऊ नका. साप्ताहिक सुट्टी ‘जमेल तेव्हा’ नको, ठरलेल्या वारी. दिवाळी आणि मे महिन्याच्या रजांचं वेळापत्रक तीन महिने आधी लावा. यंदा दिवाळी जिच्या वाट्याला आली, तिला पुढच्या वर्षी नाही. निवासी बाईच्या खोलीला आतून कडी आणि स्वतंत्र न्हाणीघर हवं. तिचं स्वतःचं मूल सोबत राहणार असेल तर त्याचे नियम लेखी ठरवा, नाहीतर ताटातल्या तुकड्यावरून भांडणं होतात.

पंधरा दिवसांतून एकदा ४५ मिनिटं एकेकीशी बोला. कोणत्या मुलाची धास्ती वाटते, काय जमत नाहीये, कशाने झोप उडते. ही बैठक पाळीपत्रकात लिहा. लिहिली नाही की होत नाही. मारामारी, पळून जाणं, स्वतःला इजा करून घेणं असं काही घडलं तर चोवीस तासांच्या आत त्या पाळीच्या बाईशी बोला, आणि सुरुवात ‘तुम्ही कुठे होतात?’ने करू नका.

बढती नसलेल्या कामात शिक्षण हीच वाट उरते. बारावी झालेल्या बाईला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करायची असेल तर निम्मी फी आणि परीक्षेची पगारी रजा द्या.

तक्रार आली तर

कर्मचाऱ्याविरुद्ध मुलाने तक्रार केली की त्याच दिवशी त्या व्यक्तीला मुलांपासून दूर करा, पगार चालू ठेवून. अत्याचाराचा संशय असेल तर पोलिसांना कळवा, मग बालकल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. आधी घरातल्या घरात चौकशी करू नका. हाताखालच्या माणसाबद्दलची अशी माहिती प्रमुखाने दडवली तर पॉक्सोच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. आरोप झालेल्या बाईलाही पुढे काय होणार, कोण बोलणार, कधी कळेल, ते स्पष्ट सांगा. बाकीच्या सगळ्या जणी हे पाहत असतात.

सोडून जाताना

महिन्याची पूर्वसूचना करारातच लिहा. जाणारी बाई मुलांना स्वतः सांगेल, निदान आठवडाभर आधी. रातोरात गायब होणाऱ्या माणसांचा या मुलांना आधीच पुरेसा अनुभव असतो. निरोपाची मुलाखत अधीक्षकाने नव्हे, विश्वस्तांपैकी कुणीतरी घ्यावी. सोडलेल्यांची नोंद महिन्यानुसार ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत जास्त जणी गेल्या तर गडबड जाहिरातीत किंवा सुरुवातीच्या पंधरा दिवसांत आहे. वर्ष-दीड वर्षाने जात असतील तर पगार आणि सुट्ट्या तपासा. आणि एकाच पाळीतल्या बायका जात असतील तर त्या पाळीच्या वरिष्ठाकडे बघा.