खडबडीत फिनिशची इलेक्ट्रिक गिटार: आधी हाताला लागतं ते सुधारा

खडबडीत फिनिशची इलेक्ट्रिक गिटार घरी आली की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, "पॉलिश तरी करून आण, अशी काय अर्धवट!" आणि बँडमधला मित्र म्हणतो, "पिकअप बदलून टाक." (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग.) दोन्ही ऐकून घ्या आणि महिनाभर नुसती वाजवा. माझ्या गिटारीच्या लाकडाच्या रेषा बोटांना लागतात, कडेला एक टवका उडालाय. यातलं काहीच वाजवताना आड आलं नाही. आड आली ती फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं, करकरणारा नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) आणि तारांची उंची. म्हणून माझा क्रम असा: आधी हाताला लागतं ते, मग कानाला, आणि डोळ्यांना खुपतं ते सगळ्यात शेवटी.

फिनिश कोणतं ते ओळखा

काही गिटारींवर लॅकरचा अगदी पातळ, बिनचकाकीचा थर असतो आणि लाकडाची छिद्रं मुद्दाम न भरता ठेवलेली असतात. काहींवर नुसतं तेल असतं. काही कारखान्यातच घासून 'जुन्या' केलेल्या असतात. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५पासून अशा 'रेलिक' गिटारी विकायला काढल्या. आणि काही सरळसरळ घाईत बनवलेल्या असतात. यांतली कोणतीही वाईट नाही. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या १९६१च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा रंग घामाने आणि वापराने जवळजवळ सगळा गेला होता, तरी त्याने तीच आयुष्यभर वाजवली.

थर कशाचा आहे हे समजायला गिटारीच्या पाठीमागचं झाकण काढा आणि आतल्या कोपऱ्यात कापसाने परीक्षा घ्या. सुताराच्या स्पिरिटने थर चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर बहुतेक पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. ही परीक्षा समोरच्या बाजूला कधीही करू नका.

नेक आणि फ्रेट

इथे नाशिकचं हवामान मध्ये येतं. पावसाळ्यात फ्रेटबोर्डाचं (फ्रेट बसवलेल्या पट्टीचं) लाकूड ओल शोषून फुगतं, थंडीत आणि मग उन्हाळ्यात आडवं आकसतं. फ्रेटची धातू मात्र आकसत नाही. म्हणून जुलैत गुळगुळीत वाटलेली नेक मार्चमध्ये तळहाताला करवतीसारखी लागते. टोकं घासायची ती या कोरड्या दिवसांतच. श्रावणात घासली तर होळीला पुन्हा बाहेर येतात, हे मी दोनदा केलंय.

तारा सोडा. फ्रेटबोर्डाला दोन फ्रेटच्या मधे मास्किंग टेप लावा. बारीक दाताची चपटी कानस नेकच्या कडेला तिरकी धरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, टोकं लाकडाच्या बरोबरीला आली की थांबा. मग ४००, ६०० आणि १०००चा वॉटर पेपर घेऊन फ्रेट चकचकीत करा. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअपवर टेप लावा. त्याचा लोखंडी भुगा चुंबकाला जाऊन चिकटतो आणि मग निघता निघत नाही.

फ्रेटबोर्ड रोझवूडचा असेल तर वर्षातून एकदोनदा मिनरल ऑइलचे चार थेंब पुरतात. खोबरेल लावू नका. ते वाळत नाही, चिकट होतं आणि धूळ धरतं. घरात बाटली हाताशी असते म्हणून मोह होतो, एवढंच.

नेकची मागची बाजू चिकट वाटत असेल तर ३२० आणि मग ४००चा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेनेच फिरवा. चकाकी गेली की हात सरकतो. पण मॅपलची नेक पूर्ण उघडी करू नका. हाताचा घाम आणि पावसाळी हवा मिळून ती काळी पडते. तेलाचा पातळ हात तरी द्या. उकळलेलं जवसाचं तेल वापरलं तर ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच फेका.

सेटअप

नव्या तारा चढवून, सुरात लावून, जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये साधारण पाव मिलिमीटर फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घट्ट करा, कमी असेल तर सैल. एका वेळी फक्त पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून बघा. रॉड अडला तर जोर लावू नका.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: जाड तारेला २ मिलिमीटर आणि बारीक तारेला दीड, ही बरी सुरुवात आहे. शेवटी सूर. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर सारखे हवेत. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल (तारेच्या खालच्या टोकाचा सरकता आधार) नेकपासून दूर न्या, उतरा येत असेल तर जवळ.

नटमध्ये तार अडकून 'टिंग' आवाज येत असेल तर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू फिरतच राहत असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या दोन टूथपिक घाला, वाळल्या की कापा आणि मेणबत्तीवर घासलेला स्क्रू बसवा.

वायरिंग

अ‍ॅम्पचा घूं घूं आवाज हा पहिला रोगी. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर अर्थिंग जागेवर आहे, शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण) कमी आहे. आतल्या खोबणीला तांब्याची चिकट पट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. तारांना हात लावून फरक नाही, पण जॅकच्या (केबल लावतो त्या भोकाच्या) धातूला लावला की आवाज कमी होतो, असं असेल तर ब्रिजकडे (तारांच्या खालच्या टोकाच्या धातूच्या भागाकडे) जाणारी वायर तुटलेली आहे. हात लावल्यावर आवाज उलट वाढला तर जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्यात. अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन मात्र कुणाचंही ऐकून तोडू नका. गिटारीच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात.

पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे फिरते भाग) खरखरत असतील तर बदला. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला २५० किलोओहमचे आणि हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० किलोओहमचे, हा नेहमीचा पाठ. मोठ्या आकड्याच्या पॉटने आवाज तीक्ष्ण होतो, लहान आकड्याच्या पॉटने बोथट; तेव्हा हे दोन आकडे बदलून बघणं पिकअप बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. घेण्याआधी माप बघा. स्वस्त गिटारीत ८ मिलिमीटरचं भोक असतं, इंची मापाचा पॉट साडेनऊचा. भोक गोल कानसीने थोडं थोडं वाढवा. थेट ड्रिल लावलं तर फिनिश उचकटतं. माझ्या गिटारीवर तो टवका असाच उडाला.

सोल्डर वायर आणि फ्लक्स मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे, नाशिकच्या एमजी रोडला, मिळतं. वायरी जोडायला २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो. पॉटच्या पाठीवर ग्राउंड द्यायला ४० ते ६० वॉटचा घ्या, कारण कमी वॉटचा आयर्न जास्त वेळ धरून ठेवला की पॉट आतून जळतो. पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर सोल्डर मण्यासारखं घरंगळतं.

रंगाचं सगळ्यात शेवटी

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना गिटार दाखवली तर ते म्हणाले, "भाऊ, मेलामाइन मारून देतो, तोंड दिसेल त्यात." त्यांचं काम उत्तम आहे, पण मला तोंड नव्हतं बघायचं. मी एनसी लॅकर मागितलं. फर्निचरला मारतात ते हेच नायट्रोसेल्युलोज. पहिला हात मी ऑगस्टमध्ये दिला आणि सकाळी गिटार दुधासारखी पांढरी. दमट हवेत थर वाळताना ओल आत अडकते. कोरड्या दिवसांत थिनरचा हलका हात दिल्यावर पांढरेपणा बराच उतरला, पूर्ण नाही. तेव्हा लॅकरचं काम जून ते सप्टेंबर बंद ठेवा, आणि मोकळ्या गच्चीत, मास्क लावून करा.

थर पातळच ठेवा: दोन-तीन हात, मधे ४००चा पेपर. जाड थर आला की छिद्रं भरतात आणि ती गिटार बाकीच्यांसारखी दिसायला लागते. वाळल्यासारखी वाटली तरी दोन-तीन आठवडे केसमध्ये कोंबू नका. पुढेही स्टँडच्या रबराला लॅकर लागू देऊ नका, रबर त्यावर कायमचा डाग पाडतं. माझी गिटार भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली असते, आणि खुंटीला आजोबांच्या जुन्या धोतराची सुती पट्टी गुंडाळली आहे.